हस्तकला प्रदर्शनांत विक्री करणाऱ्या स्वतंत्र कलाकारांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मातीकाम करते. चाकावर घडवलेली आणि विजेच्या भट्टीत भाजलेली रोजच्या वापराची भांडी घेऊन गेली अकरा वर्षे प्रदर्शनांत उभी राहते आहे. या काळात छापचित्रे, दागिने, गोधड्या, लाकूडकाम आणि कागदकाम करणाऱ्या नवोदितांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवले, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे माझ्या मातीची असली तरी हिशेब बहुतेक हस्तकलांना लागू पडतो. एकच मजकूर दोनदा दिलेला नाही. जेथे संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला पहिल्यांदाच स्टॉल लावायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

लहान, एका दिवसाच्या आणि घराजवळच्या प्रदर्शनाने सुरुवात करावी. गृहनिर्माण संस्थेतील दिवाळीपूर्व विक्री, महिला मंडळाचा मेळावा किंवा महाविद्यालयाचा महोत्सव यांत भाडे थोडे असते, माल रिक्षातून नेता येतो आणि चूक झालीच तर ती परवडते. पहिल्या दोन-तीन प्रदर्शनांचा उद्देश नफा हा नसतोच. लोक कोणती वस्तू आधी हातात घेतात, किंमत पाहून कोणती हळूच खाली ठेवतात आणि कोणता प्रश्न दिवसभरात वीस वेळा विचारतात, हे घरी बसून कधीच कळत नाही. त्यासाठी सोबत एक वही ठेवावी आणि गर्दी ओसरली की लगेच टिपून काढावे, कारण संध्याकाळपर्यंत सगळे विसरायला होते. माझ्या पहिल्या वहीत एकच नोंद सतरा वेळा आहे: "झाकण आहे का?" पुढच्या हंगामात मी झाकणाच्या बरण्या केल्या आणि आजही त्याच सर्वांत आधी संपतात.

२. महाराष्ट्रात आणि आसपास कोणत्या बाजारांचा विचार करावा?

नाव मोठे आहे म्हणून अर्ज करण्याआधी तो बाजार कोणासाठी भरतो हे पाहावे. पुण्यात डिसेंबरच्या सुमारास भरणाऱ्या भीमथडी जत्रेचा कणा ग्रामीण कारागीर आणि बचत गट हा आहे. मुंबईचे महालक्ष्मी सरस तर बचत गटांतील महिलांसाठीच असते आणि तेथील प्रवेश ग्रामीण बचत गटांसाठीच्या 'उमेद' या सरकारी अभियानामार्फत मिळतो, त्यामुळे शहरात एकट्याने काम करणाऱ्या कलाकाराने तेथे जागा न मिळाल्याचे वाईट वाटून घेऊ नये. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो. जानेवारी-फेब्रुवारीतील त्या नऊ दिवसांच्या स्टॉलसाठी कित्येक महिने आधी अर्ज करून निवड व्हावी लागते. गोव्यात हणजुणेचा बुधवारचा आणि हडफड्याचा शनिवार रात्रीचा बाजार पर्यटकांच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, चालतो. तेथे पिशवीत मावणारी आणि विमानात नेता येणारी वस्तू विकली जाते, माझी मोठी परात तेथे कोणी उचलत नाही. दिल्लीचे 'दिल्ली हाट' १९९४ पासून आहे आणि तेथे नोंदणीकृत कारागिरांना पाळीपाळीने १५ दिवसांसाठी जागा मिळते. हरियाणातील सूरजकुंड मेळा १९८७ पासून दर वर्षी भरतो. या दोन्हींसाठी लागणाऱ्या ओळखपत्राबद्दल प्रश्न ९ आणि परराज्यातील कराबद्दल प्रश्न ११ पाहावा.

३. आयोजकाला भाडे भरण्याआधी काय विचारून घ्यावे?

स्टॉलचे नेमके माप, टेबल-खुर्च्या किती, दिवे आणि वीज भाड्यात आहेत की वेगळी, छप्पर पक्के आहे की नुसते कापड, रात्री राखणदार असतो का, गाडी कुठपर्यंत येते, एकाच प्रकारच्या मालाचे किती स्टॉल दिले जाणार आणि कार्यक्रम रद्द झाला तर पैसे परत मिळणार का, इतके तरी विचारावेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही उत्तरे लेखी घ्यावीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशसुद्धा चालतो.

हे मी पोळल्यावर शिकले. तिसऱ्या वर्षी एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर दोन दिवसांचे प्रदर्शन होते आणि मला प्रवेशद्वाराजवळची जागा फोनवर कबूल झाली होती. प्रत्यक्षात खाद्यपदार्थांच्या मागे, जनरेटरला लागून टेबल मिळाले. दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला, कापडी छत टेबलावर बसले आणि चौदा भांडी फुटली. भाडे परत मागितले तेव्हा "तसे काही ठरले नव्हते" हे उत्तर आले, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. शक्य असेल तर त्या आयोजकाच्या मागील प्रदर्शनात एकदा ग्राहक म्हणून फिरून यावे आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार स्टॉलधारकांशी बोलावे. सकाळी सगळेच आशेवर असतात. चार वाजता खरे उत्तर मिळते.

४. माझ्या वस्तूची किंमत मी कशी ठरवू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याच ठिकाणी सर्वाधिक कलाकार स्वतःचे नुकसान करून घेतात, म्हणून एका मगचा हिशेब पूर्ण मांडते.

माती आणि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर) यांचा खर्च सुमारे ३० रुपये होतो. भांडे दोनदा भाजावे लागते. पहिल्या भाजणीला आम्ही बिस्क म्हणतो, ती सुमारे १००० अंश सेल्सियसला होते. दुसरी ग्लेझची भाजणी माझ्या मातीसाठी १२२० अंशांच्या पुढे जाते. दोन्हींच्या विजेचा आणि भट्टीच्या झिजेचा एका मगवर पडणारा वाटा मी ६० रुपये धरते. आता वेळ. माती मळणे, चाकावर उचलणे, दुसऱ्या दिवशी बूड तासणे, माती चामड्यासारखी घट्ट झाली की कान जोडणे, ओल्या स्पंजाने कडा पुसणे, ग्लेझमध्ये बुडवणे, तळ स्वच्छ करणे आणि भट्टी लावणे-उतरवणे, हे सारे तुकड्यातुकड्याने होते म्हणून मोजले जात नाही. मी एकदा घड्याळ लावून मोजले. एका मगचे ४० मिनिटे भरले. तासाला २०० रुपये मजुरी धरली तर हे सुमारे १३३ रुपये झाले. बेरीज २२३. पण दहापैकी आठच मग विक्रीयोग्य निघतात, उरलेल्या दोनांचा खर्च या आठांवर पडतो, म्हणून २२३ ला ०.८ ने भागावे: सुमारे २७९. पॅकिंगचे २० धरून ही वस्तू घराच्या दारातच ३०० रुपयांची झाली.

आता ती बाजारात न्यायची आहे. दोन दिवसांच्या एका प्रदर्शनाचे भाडे ९००० रुपये, टेम्पो २००० आणि मदतनीस व जेवण मिळून २५०० असे १३,५०० रुपये गेले आणि ९० नग विकले गेले, तर प्रत्येक नगावर १५० रुपये चढले. किंमत ४५० झाली. त्यावर मंदीचे महिने, न विकलेला माल आणि नवीन हत्यारे यांसाठी २० टक्के धरले की ५४०, म्हणजे लेबल ५५० चे. यात कोठेही चैन नाही.

शेजारच्या टेबलावर उत्तर प्रदेशातील खुर्ज्याच्या कारखान्यांतला, साच्यातला मग २०० रुपयांना असतो आणि ग्राहक दोन्ही हातांत दोन मग धरून विचारतो, तेव्हा नवोदित कलाकाराचा धीर सुटतो आणि तो किंमत ३०० वर आणतो. वरच्या हिशेबाप्रमाणे त्या क्षणापासून तो स्वतःच्या खिशातून पैसे घालून विक्री करू लागतो. खुर्ज्याचा माल वाईट नाही, त्याचे अर्थकारण वेगळे आहे; त्याच्याशी किमतीत स्पर्धा करता येत नाही आणि करू नये. ५५० ला मग विकला जात नसेल तर त्याचा आकार, ग्लेझ, कान किंवा बाजार बदलावा, पण स्वतःचा वेळ शून्य धरू नये. नोकरदार जोडीदाराच्या पगारावर किमती खाली ठेवणारे कलाकार केवळ स्वतःचे नव्हे, तर ज्याचे घर याच कामावर चालते त्या शेजारच्या कारागिराचेही मोल पाडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

५. ग्राहक घासाघीस करतात तेव्हा काय करावे?

किंमत छापील आणि सर्वांना एकच असावी. "ताई, भवानीची वेळ आहे, काहीतरी कमी करा," असे कोणी म्हटले तर त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. आपल्याकडे ती बोलण्याची रीत आहे. मी किंमत कमी करत नाही, मात्र सहा नग घेणाऱ्याला ठरावीक सूट देते आणि ती पाटीवर लिहिलेली असते, म्हणजे ती मागणाऱ्याला मिळते आणि न मागणाऱ्यालाही मिळते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाव पाडू नयेत. पुण्यासारख्या ठिकाणी तेच ग्राहक पुढच्या वर्षी पुन्हा येतात आणि मग ते शेवटच्या संध्याकाळचीच वाट पाहतात.

६. किती माल न्यावा आणि मांडणी कशी करावी?

अपेक्षित विक्रीच्या अडीच पट माल असावा, पण एका वेळी त्यातील निम्माच मांडावा आणि उरलेला टेबलाखाली ठेवावा. रिकामे होत जाणारे टेबल पाहून ग्राहक थांबत नाही, आणि खच्चून भरलेले टेबल पाहूनही वस्तू उचलायला हात धजावत नाही. मांडणीला उंची हवी. फळ्या आणि लाकडी खोकी वापरून डोळ्यांच्या पातळीपर्यंत माल आणावा. किंमत प्रत्येक नगावर असावी, कारण किंमत विचारण्याचा संकोच वाटून निघून जाणारे लोक विचारणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. दिवे स्वतःचे न्यावेत. पांढरट निळ्या उजेडात माझे मधाच्या रंगाचे ग्लेझ चिखलासारखे दिसते, म्हणून पिवळसर उजेडाचे दोन दिवे आणि लांब वायरीचा बोर्ड माझ्या पेटीत कायम असतो.

७. पैसे घेण्याची आणि हिशेबाची व्यवस्था कशी ठेवावी?

यूपीआयचा क्यूआर कोड दोन ठिकाणी लावावा आणि तो व्यवसायासाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्याचा असावा. गर्दीत नेटवर्क जाते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम कार्डे जवळ असावीत, आणि पैसे जमा झाल्याचा संदेश स्वतःच्या फोनवर पाहिल्याशिवाय वस्तू देऊ नये. पन्नास आणि शंभरच्या नोटा सुटे म्हणून न्याव्यात. प्रत्येक विक्री पावतीपुस्तकात लिहावी. खात्यात आलेली सगळी रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे, ती उलाढाल आहे. आयकरासाठी लहान व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची पद्धत उपलब्ध असून तीत डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के इतके उत्पन्न धरले जाते. आपल्याला ती सोयीची आहे का, हे कर सल्लागाराकडून एकदा तपासून घ्यावे.

८. वर्षाचे वेळापत्रक कसे आखावे? पावसाळ्यात काय करता?

बाजाराचा हंगाम राखीच्या आसपास हलू लागतो, गणपती ते दिवाळी शिगेला पोहोचतो, डिसेंबर ते फेब्रुवारी टिकतो आणि मार्चमध्ये परीक्षा व ऊन यांच्याबरोबर ओसरतो. याचा अर्थ दिवाळीचा माल जूनपासून करावा लागतो, आणि नेमका तेव्हा पाऊस असतो.

मातीकामात पावसाळा म्हणजे सर्व गणित बदलणे. उन्हाळ्यात दोन दिवसांत सुकणारा वाडगा जुलैमध्ये दहा दिवस घेतो. तो वरून कोरडा दिसतो, पण गालाला लावला तर गार लागतो. गार लागणारे भांडे आत ओले असते. असे भांडे भट्टीत घातले की पाण्याची वाफ होताना ते फुटते आणि त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांतही घुसतात. म्हणून मी पावसाळ्यात भट्टी पहिले काही तास १०० अंशांच्या खालीच धरून ठेवते आणि आठवड्याला दोनऐवजी एकच भाजणी करते. त्यात मधेच वीज गेली तर ग्लेझ अर्धवट वितळून राहते आणि ती भट्टी बहुधा पुन्हा लावावी लागते. एका वर्षी ऑगस्टमध्ये ९० नगांच्या भट्टीला हे घडले आणि गणपतीचे प्रदर्शन निम्म्या टेबलावर करावे लागले. तेव्हापासून हंगामाच्या मालाची तारीख मी प्रत्यक्ष तारखेच्या तीन आठवडे आधीची धरते. कापड रंगवणारे, लाकडावर लाख चढवणारे आणि कागदाला खळ लावणारे यांनाही ओल्या हवेचा हा हिशेब आपापल्या परीने करावा लागतो.

एप्रिल-मे हे दोन महिने मी नवीन आकारांसाठी आणि उन्हाळी शिबिरांसाठी राखून ठेवते. शिबिरांच्या उत्पन्नामुळे करात होणारा फरक प्रश्न १० मध्ये दिला आहे.

९. कोणत्या नोंदण्या आणि ओळखपत्रे लागतात?

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्यासाठी शुल्क मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात. राहत्या घरी किंवा लहान गाळ्यात काम असेल आणि दहापेक्षा कमी कामगार असतील, तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार नोंदणी लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची सूचना पुरते; जुने लोक यालाही दुकान परवान्याच्या जुन्या नावाने गुमास्ताच म्हणतात.

कारागीर ओळखपत्र, म्हणजे 'पहचान' कार्ड, केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून मिळते. हस्तकला हातांनी करता आली पाहिजे आणि ती प्रत्यक्ष करून दाखवण्याची तयारी हवी. गांधी शिल्प बाजारासारख्या सरकारी मेळाव्यांसाठी हे कार्ड आवश्यक ठरते आणि त्याचा आणखी एक अनपेक्षित उपयोग प्रश्न १४ मध्ये आहे. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. कुंभार, सुतार, मूर्तिकार, टोपल्या विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे अशा १८ व्यवसायांपुरती ती मर्यादित आहे; प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व मग २ लाखांचे कर्ज असे तिचे स्वरूप असून एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो.

१०. जीएसटी क्रमांक घ्यावा लागतो का?

फक्त वस्तू विकणाऱ्याची महाराष्ट्रातील वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच असेल, तर नोंदणी सक्तीची नाही. अडचण येते ती शिकवण्यामुळे. कार्यशाळेची फी ही सेवा आहे, आणि वस्तूंबरोबर करपात्र सेवाही दिली की ही मर्यादा सर्व मिळून २० लाखांवर येते. ज्यांची विक्री १५ लाख आणि वर्गांचे उत्पन्न ६ लाख आहे, असे काही जण आपण ४० च्या खूप खाली आहोत या समजुतीत असतात. नोंदणी असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक हस्तकला वस्तूंवरील आणि हाताने काढलेल्या चित्रांवरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या पावतीपुस्तकातील छापील दर तपासून पाहावा.

११. परराज्यातील प्रदर्शनाला जायचे आहे. तेव्हा वेगळे नियम लागतात का?

होय, आणि येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. एरवी राज्याबाहेर माल विकायचा म्हटला की उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची ठरते. मात्र अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे. वस्तू मुख्यतः हाताने घडवलेली असावी, थोडीफार हत्यारे किंवा यंत्रे वापरलेली चालतात. एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असावी आणि पॅन असावा. सूट मिळाली तरी माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, काढावेच लागते. एरवीची ५०,००० रुपयांची मर्यादा येथे लागू नाही, म्हणजे दहा हजारांची मातीची भांडी गोव्याला नेतानाही ते लागते. ही सूट ज्यांना लागू होत नाही, त्यांना त्या राज्यात 'आकस्मिक करपात्र व्यक्ती' म्हणून किमान पाच दिवस आधी अर्ज करून, अंदाजे कर आगाऊ भरून ९० दिवसांपर्यंतची नोंदणी घ्यावी लागते. आपली वस्तू अधिसूचित यादीत आहे की नाही, हे टेम्पो ठरवण्याआधी पाहावे.

१२. माझ्या डिझाइनची नक्कल झाली तर काय करता येते?

चित्र, रेखाटन किंवा शिल्प ही मूळ कलाकृती असेल तर तिचा कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ग्राहकाने चित्र विकत घेतले म्हणजे त्याला ते टी-शर्टवर छापण्याचा हक्क मिळत नाही. हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतो.

उपयोगाच्या वस्तूंचे मात्र वेगळे आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि औद्योगिक प्रक्रियेने त्याच्या ५० हून अधिक वस्तू निघाल्या, तर त्यावरील कॉपीराइट संपतो. आपले चित्र छापील कपड्यावर किंवा टाइलवर आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. डिझाइनची नोंदणी १० वर्षांची असते आणि ५ वर्षांनी वाढवता येते, पण अर्ज वस्तू बाजारात मांडण्याआधी करावा लागतो. प्रदर्शनात नक्कल दिसल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. स्टॉलवर फोटो काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. रेखाटनांवर तारीख घालते, प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवते आणि भांड्याच्या तळाशी माझा ठसा उमटवते.

१३. मी वारली समाजाची नाही. वारली चित्रे काढून विकू शकते का?

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, त्यामुळे त्या नावाने माल विकण्याचा हक्क अधिकृत वापरकर्त्यांपुरता येतो. पण कायद्याआधी मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो, तो सवासिणी लिहितात आणि त्यात पालघाट देवी असते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तारपा नाचाची ती गोल रांग कपबशीवर छापून "वारली" असे लेबल लावणाऱ्याने निदान एवढे तरी जाणून असावे. मी स्वतः ती चित्रे वापरत नाही. कोणाला आपल्या वस्तूवर वारली काम हवेच असेल, तर ते वारली चित्रकाराकडून करून घ्यावे, त्याला नगावर ठरलेले पैसे द्यावेत आणि त्याचे नाव वस्तूवर लिहावे.

१४. साबण, खेळणी आणि खाद्यपदार्थ यांनाही हस्तकलेचेच नियम लागतात का?

नाही. अंगाचा साबण घरी केलेला असला तरी सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि त्याच्या उत्पादनाला परवाना लागतो. खाद्यपदार्थांना अन्न सुरक्षा नोंदणी हवी. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि घरी लाकडी बैलगाडी करणाऱ्याला हे कळले की तो घाबरून जातो. पण विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांची खेळणी यांना त्यातून सूट आहे. सावंतवाडीच्या पद्धतीने लाकडी फळे-खेळणी करणाऱ्यांनी निदान यासाठी तरी प्रश्न ९ मधील कार्ड काढावे.

१५. दुकानदार जांगडवर माल मागतात. द्यावा का?

जांगड म्हणजे विकला तर पैसे, नाही तर माल परत. यात दुकानदाराचे भांडवल अडकत नाही, आपले अडकते. ३० ते ४० टक्के कमिशन मागितले जाते आणि प्रश्न ४ मधील हिशेबात स्टॉलचे १५० रुपये वगळून ते बसते का, हे पाहूनच होकार द्यावा. नगांची सही केलेली यादी, फुटले तर कोणाचे, पैसे किती दिवसांत आणि माल परत कोणाच्या खर्चाने, ही चार वाक्ये कागदावर असतील तरच द्यावा. दुकानातील किंमत आणि स्टॉलवरील किंमत एकच ठेवावी.

१६. ऑर्डर घेऊन काम करताना काय काळजी घ्यावी?

निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत आणि ते मिळाल्यावरच माती मळावी. "अगदी फोटोसारखेच" असे कबूल करू नये. माती सुकताना आणि भाजताना सुमारे बारा टक्के आकसते आणि ग्लेझची छटा भट्टीतील जागेप्रमाणे बदलते, हे मी ऑर्डरच्या कागदावरच लिहिते. दिवाळीच्या भेटवस्तूंची मोठी ऑर्डर आली तर आधी भट्टीची क्षमता मोजावी. १५० पणत्या-वाडग्यांना होकार देऊन रात्रीचा दिवस करणे आणि शेवटी मनगट आखडून बसणे, हे माझे झाले आहे.

अमेरिकेतील नातेवाईक किंवा महाराष्ट्र मंडळातील मंडळी पार्सल मागवतात, त्यांना एक गोष्ट आधी सांगावी: ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला तेथे असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे आयात शुल्क कोण भरणार हे ठरवूनच पार्सल पाठवावे.

१७. यावर घर चालते का? नोकरी सोडावी का?

माझे चालते, पण केवळ स्टॉलवर नाही. माझ्या उत्पन्नात प्रदर्शने, वर्ग आणि उपाहारगृहांच्या ऑर्डरी असे तीन भाग आहेत आणि एखाद्या वर्षी एक भाग कोसळला तर उरलेले दोन धरून ठेवतात. २०२० मध्ये प्रदर्शने बंद झाली तेव्हा हे प्रकर्षाने कळले. नोकरी असताना दोन पूर्ण हंगाम करून पाहावेत, प्रश्न ४ प्रमाणे स्वतःची मजुरी धरून हिशेब मांडावा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तरच सोडावी.

१८. शरीराची काळजी कशी घ्यावी?

दोन दिवस काँक्रीटवर उभे राहण्यासाठी पायाखाली जाड चटई आणि चांगले बूट हवेत. एकट्याने स्टॉल करू नये, कारण जेवण आणि स्वच्छतागृह हे प्रश्न खरे असतात. कामाच्या जागी त्याहून मोठा धोका धुळीचा आहे. वाळलेल्या मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि वर्षानुवर्षे ती श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. कार्यशाळेत कोरडा झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि ग्लेझची भुकटी कालवताना योग्य मुखपट्टी लावावी. लाकूड घासणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

१९. किंचित दोष असलेल्या वस्तू स्वस्तात विकाव्यात का?

दोष कोणता, यावर ते अवलंबून आहे. ग्लेझवर एखादा ठिपका, किंचित वाकडी कड किंवा अपेक्षेपेक्षा फिकी छटा असेल तर मी त्या वस्तू वेगळ्या टोपलीत, दोष चिठ्ठीवर लिहून ठेवते, आणि ती टोपली फक्त वर्षातून एकदा माझ्या कार्यशाळेतील विक्रीत बाहेर काढते; स्टॉलवर ती ठेवली तर ग्राहक तेवढीच पाहून पुढे जातो. तडा मात्र कधीही विकू नये, फुकटही देऊ नये, कारण गरम चहा ओतताना तो कोणाच्या तरी हातात उघडतो. तडा नेहमी दिसतोच असे नाही. म्हणून टेम्पोत माल भरण्याआधी प्रत्येक भांडे तळहातावर तोलून धरावे आणि बोटाच्या पेराने कडेवर टिचकी मारावी. धड भांडे खणखणीत वाजते. बद्द वाजले की ते बाजूला काढावे आणि त्याच दिवशी फोडून कुंडीच्या तळाशी घालावे.